गोधडीचे कापड

जगन्नाथपुरीस असताना चैतन्य महाप्रभू केळीच्या वाळलेल्या सोपटांवर निजत असत. देह इतका कृश झाला होता की, त्या सोपटांवर हाडे टेकली म्हणजे ती दुखत. त्यांनी हे बोलून दाखविले नाही. पण भोवतीच्या भक्तांना ते पाहवेना. जगदानंद पंडिताने एक चांगले तलम वस्त्र मिळविले, ते गेरूने रंगविले, त्यात सावरीचा कापूस भरला आणि गादी व उशी तयार केली. महाप्रभूंनी ती पाहिली आणि बाजूस सारली. आता एक पलंगही आणा, म्हणजे झाले, असे ते उपरोधाने म्हणाले. मग स्वरूप दामोदराने दुसरी युक्ती योजिली. केळीची पुष्कळशी वाळकी पाने घेऊन त्याने ती नखांनी अगदी बारीक फाडली आणि महाप्रभूंच्याच अंगावरच्या दोन जुन्या वस्त्रांत तो चुरा भरला. पुष्कळ मनधरणीनंतर का होईना, हे अंथरूण मात्र स्वीकारले गेले.

‘चैतन्यचरितामृता’च्या अंत्यलीलेत ही कथा येते. महाप्रभूंचा काळ १४८६ ते १५३३ हा. कथेचा रोख वैराग्याकडे आहे हे उघड आहे; परंतु अंथरूण-पांघरुणाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास तीत आणखी एक गोष्ट आढळते. भक्तांपुढे प्रश्न होता तो कापड निवडण्याचा. एकाने उत्तम आणि नवे कापड निवडले, दुसऱ्याने अंगवळणी पडलेले, धुवून धुवून विरत आलेले कापड निवडले. भारतातील घरोघरच्या बायकांनी गोधडीसाठी शतकानुशतके जी निवड केली, ती या दुसऱ्या प्रकारची होय. दारिद्र्यामुळे तसे घडले हे खरे. पण ते अर्धेच खरे. त्या निवडीच्या पोटी कापडाचे एक बारकाईचे ज्ञान होते, आणि त्या ज्ञानाचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

जुन्या कापडाला मान देण्याची ही रीत फार मागे जाते. विनयपिटकातील ‘महावग्गा’त भिक्षूंच्या चीवरांची हकीकत आहे. प्रारंभी भिक्षू उकिरड्यावर व स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून त्यांचेच वस्त्र करीत. त्यास पांसुकूल, म्हणजे धुळीतले वस्त्र, असे नाव होते. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले कापड घेण्यास बुद्धाने अनुज्ञा दिली. मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातशेते दाखवून त्याने आनंदाला विचारले की, असे चीवर करता येईल काय? आनंदाने त्याप्रमाणे तुकडे जोडून चीवर शिवले. याहून लक्षात घेण्याजोगा नियम पुढे आहे. नवे वस्त्र मिळाले तर ते तसेच वापरावयाचे नाही. निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट रंगाचा डाग पाडून ते आधी विद्रूप करावयाचे. कापडाचे नवेपण मुद्दाम घालविण्याची ही जगातील फार जुनी तरतूद असावी.

संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द ठिगळांच्या वस्त्राचा, आणि बंगालीतील ‘काँथा’ त्याच घराण्यातला. मराठीत तर एका वस्तूला नावेच नावे. गोधडी, वाकळ, चौघडी, लेप, दुलई आणि तान्ह्या मुलाचे दुपटे हे सारे एकाच कुळातले. भेद आहे तो थरांचा, आकाराचा व कापडाच्या प्रतीचा. दुहेरी जाड पांघरुणाला पासोडी म्हणत. अंबेजोगाईचे दासोपंत यांनी (१५५१ ते १६१५) पंचीकरणाचा विषय लिहिला तो अशाच लांबलचक पासोडीवर, आणि पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्यांचा बाजार ज्या देवळापाशी भरे, त्यातील विठोबा पासोड्या विठोबा झाला असे सांगतात. वैराग्याचे चिन्ह म्हणूनही गोधडी मराठी मनात रुजलेली आहे. ठिगळांची वस्त्रे पांघरून गावोगाव फिरणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६ ते १९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, ते काही उगाच नव्हे.

आता अडचण अशी की, ज्या वस्तूचे कापडच मुळी विरलेले, ती वस्तू इतिहासासाठी शिल्लक राहत नाही. मोहेंजोदारोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो धातूच्या क्षारांनी राखला म्हणून. गोधडीला असे भाग्य कोठून मिळणार? ती फाटेपर्यंत वापरली जाते, फाटल्यावर दुसरीच्या पोटात जाते, आणि शेवटी पायपुसणे होऊन संपते. त्यामुळे जगातील संग्रहालयांत भारताची जी सर्वांत जुनी शिवलेली पांघरुणे दिसतात, ती घरची नाहीत; ती परक्या गिऱ्हाइकासाठी नव्या कापडाची केलेली आहेत. सोळाव्या व सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव व हुगळीच्या परिसरातून पोर्तुगीज व्यापारी अशी पांघरुणे नेत. पांढऱ्या सुती कापडाच्या थरांवर सोनेरी पिवळ्या टसरीच्या धाग्याने ती भरलेली असत. त्यांवर शिकारीचे प्रसंग, गलबते, इतकेच काय पण बायबलातील सॉलोमन राजाचा न्यायनिवाडाही दिसतो. बंगाली कारागिराच्या हाताने ही चित्रे भरली गेली, आणि आज ती लिस्बन व लंडन येथील संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. त्याच कारागिराच्या घरी त्याच्या मुलाला जे पांघरूण मिळाले असेल, त्याचा एक टाकाही कोठे उरलेला नाही.

बाहेर गेलेल्या भारतीय कापडाने युरोपात जी खळबळ उडविली, तिची येथे आठवण करून दिली पाहिजे. कोरोमंडल किनाऱ्यावरील छिटे आणि पलंगपोस यांचे रंग धुतल्याने जात नसत, आणि हा त्या काळी युरोपला चमत्कारच होता. लंडनच्या सॅम्युएल पेपीसने १६६३ साली बायकोच्या खोलीच्या भिंतींना लावण्यासाठी असे छीट विकत घेतल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. छिटाच्या तुकड्यांतील फुलेपाखरे कातरून ती साध्या कापडावर टाचून रजया करण्याची रीतही तिकडे पडली. लोकर आणि रेशीम विणणारे विणकर चिडले. फ्रान्सने १६८६ साली अशा कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १७०० साली एक कायदा झाला. तो पुरेना म्हणून १७२१ साली दुसरा झाला, आणि त्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यासच नव्हे, तर घरच्या सामानसुमानात वापरण्यासही मनाई केली. तो १७७४ साली उठला. एका देशाच्या संसदेने लोकांच्या बिछान्यावर कोणते कापड असावे याचा विचार करावा, ही भारतीय छिपाऱ्याच्या कौशल्याला मिळालेली मोठीच पावती म्हटली पाहिजे.

घरची गोधडी मात्र या व्यापाराच्या वाऱ्यापासून दूर होती. तिच्यासाठी कापड दुकानातून येत नव्हते, ते पेटीतून निघत होते. त्या कापडाला मराठीत एक नेटका शब्द आहे: जुनेर. जुनेर म्हणजे निव्वळ फाटके नव्हे. लुगडे आधी सणासुदीला नेसले जाई, मग रोजचे होई. मध्यभागी विरले म्हणजे विरलेला पट्टा कापून टाकून दोन्ही बाजू जोडीत. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष दोन वर्षे निघे. त्यानंतर ते जुनेर. एवढा प्रवास झालेल्या कापडाविषयी घरच्या बाईला जे कळलेले असे, ते दुकानात नव्या कापडाला हात लावून कधीच कळले नसते. ते आटायचे तेवढे आटलेले असे, त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असे आणि त्याची खळ केव्हाच निघून गेलेली असे.

यातील प्रत्येक गोष्टीला गोधडीत महत्त्व आहे. गोधडीचे थर एकमेकांना टाक्यांनी बांधलेले असतात. त्यांतील एक थर न आटलेला असला, तर पहिल्याच धुण्यात तो आकसतो आणि सारी गोधडी चोळामोळा होते. एक लाल तुकडा कच्च्या रंगाचा निघाला, तर पांढऱ्या धोतराच्या थरावर त्याचे डाग उतरतात. आणि कापड घट्ट विणीचे व खळीचे असले, तर चार-सहा थरांतून सुई जात नाही, दाभण घ्यावे लागते; हात दुखतात आणि टाका मोठा पडतो. जुन्या सुताचे धागे सैल झालेले असतात, त्यांत सुई आपोआप वाट काढते. शिवाय सैल धाग्यांच्या पोकळ्यांत हवा कोंडून राहते आणि ऊब येते ती त्या हवेची. हे शास्त्र कोणी लिहून ठेविले नाही. ते बोटांत होते.

मापाचा विचारही असाच नेमका होता. नऊवारी लुगड्याची लांबी सत्तावीस फूट. त्याचे आडवे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पावणेसात फूट भरतो, म्हणजे माणसाच्या उंचीहून थोडा जास्त. दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की, दोन पन्ह्यांत दोघांना पुरेल इतकी रुंदी मिळते. अशा रीतीने एका लुगड्यात गोधडीची वरची बाजू आणि खालची बाजू दोन्ही निघतात. आत भरायला मग धोतरे, सदरे, परकर, चोळ्या, जे असेल ते. काठ फेकून देत नसत, कारण काठाची वीण अंगापेक्षा दणकट; तो गोधडीच्या कडेला लावीत, ओढाताण तिथेच अधिक होते म्हणून. चोळीच्या खणाचे तुकडे कोपऱ्यांत आणि मध्यावर बसत. पदर कोठे यावा याविषयी बायकांत एकमत नसे. कोणी तो वर दिसेल असा लावी, कोणी आत दडवी. इरकली असो, महेश्वरी असो की नागपुरी, लुगड्याचा जन्म कोठला हे गोधडीत आल्यावर फारसे विचारले जात नसे. काठावरून जाणत्या डोळ्याला ते ओळखू येई, इतकेच.

जुनेर निवडताना काही कापड वगळलेही जाई, आणि हे वगळणे अधिक बोलके आहे. जरीचे लुगडे गोधडीला निरुपयोगी. जर टोचते आणि धुण्यात काळवंडते. ते बोहारणीकडे जाई. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार हिंडणारी बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देई. जरीची वस्त्रे पुढे जाळून त्यांतील चांदी काढीत. म्हणजे कापडाची दोन गोत्रे घरातच ठरत: एक भांड्यांच्या मोलाचे आणि एक मोल नसलेले. गोधडीत जाई ते दुसरे. बोहारणीने कितीही चांगले पातेले पुढे केले, तरी एखादे मऊ लुगडे घरची म्हातारी सोडीत नसे. नातसुनेचे दिवस भरत आलेले असत, आणि दुपटे त्या लुगड्याचेच व्हावयाचे असे.

तान्ह्या मुलाला नवे कापड नको, ही समजूत देशभर सारखी आढळते. महाराष्ट्रात आजीच्या लुगड्याचे दुपटे आणि कुंची. बिहारात, विशेषतः मिथिलेकडे, बाळंतपणाच्या वेळी घरातील जुनी लुगडी-धोतरे एकत्र शिवून सुजनी करीत. चिंध्यांची देवता म्हणून चितरिया माता तिकडे मानली जाते. वृद्धाच्या अंगाला लागलेल्या कापडातून त्याचे आयुष्य बाळाला मिळावे हा भाव, आणि नव्याची दृष्ट लागू नये हा हेतू. आधुनिक वाचक यावर हसेल. पण खळीचे खरखरीत कापड कोवळ्या कातडीला काचते ही गोष्ट त्या समजुतीच्या आत सुखरूप ठेवलेली होती. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावी १९८८ साली सुजनीचे पुनरुज्जीवन झाले ते विक्रीसाठी नव्या कापडावर. कला वाचली, स्त्रियांच्या हाती पैसा आला, आणि त्या आपल्या संसारातील सुखदुःखे सुजनीवर भरू लागल्या. हे सारे चांगलेच झाले. फक्त ते कापड आता कोणाच्याही अंगावरचे नाही.

बंगालचा काँथा हा या सर्व घराण्यांत सुशिक्षित भाऊ. त्याचे कापड जुन्या पांढऱ्या साड्यांचे व धोतरांचे, आणि भरण्याचा धागाही त्याच साड्यांच्या लाल, निळ्या, काळ्या किनारींतून उसवून काढलेला. म्हणजे कापड जुने आणि सूतही जुनेच. पार्श्वभूमी पांढरी का, याचे उत्तर साधे आहे: घरात तसेच कापड सर्वांत जास्त असे. त्या पांढऱ्यावर कमळे, कलका, हत्ती, आगगाड्या उमटल्या. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी शिवलेला काँथा कोलकात्याजवळील जोका येथे गुरुसदय संग्रहालयाच्या संग्रहात आला. त्यावर स्वतःच्या हाताने शिवल्याचे तिने टाक्यांतच लिहून ठेविले आहे. गुरुसदय दत्त (१८८२ ते १९४१) हे सनदी अधिकारी असूनही खेडोपाडी हिंडून अशा वस्तू जमवीत. जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी काँथार माठ’ हे काव्य १९२९ साली निघाले, आणि स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली काँथ्यावर लेख लिहिला. इतका मान महाराष्ट्राच्या वाकळेला कोणी दिला नाही. वाकळेवर चित्रे नाहीत, हे कारण असेल. पण कापडाच्या निवडीत ती काँथ्याहून तसूभरही कमी नव्हती.

पश्चिमेकडे कच्छ आणि सिंधच्या कोरड्या मुलखात दृष्टी बदलते. तिकडची रल्ली म्हणजे रंगांची मिसळण. रल्ली या शब्दातही मिसळण्याचाच अर्थ आहे. जुनी कापडे पुन्हा रंगवून, त्यांचे चौकोन-त्रिकोण कातरून ती जोडतात. मुलीच्या लग्नात किती रल्ल्या दिल्या हे मोजले जाते. दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळच्या रानांत राहणाऱ्या सिद्दींची कवंदी तिसऱ्याच वळणाची. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीज धन्यांकडून निसटून घाटावरच्या अरण्यात शिरले. सिद्दी बाई खाली एक जुनी साडी पसरते आणि कोपऱ्यापासून प्रारंभ करून कडेकडेने आत शिवत जाते. तुकडे आधी आखून ठेवीत नाही, हाताला येईल तो रंग शेजारच्या रंगाशी ताडून लावते. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांचे फुला नावाचे फूल बसते. ते नसेल तर कवंदी उघडीबोडकी राहिली असे मानतात. हल्याळकडचे मुसलमान सिद्दी, यल्लापूरकडचे ख्रिस्ती आणि हिंदू सिद्दी या सर्वांच्या कवंद्यांत हे फूल सारखेच.

जयपूरची रजई या पंक्तीत बसत नाही, कारण तिचे कापड नवे आणि कौशल्य पिंजाऱ्याचे. कापूस इतका पिंजतात की, पाव किलोत रजई होते अशी तिची ख्याती. भडोचची सुजनी तर मागावरच विणतात आणि विणता विणता तिच्या कप्प्यांत कापूस भरतात. दोन्ही गोष्टी कौतुकाच्या. पण त्यांचा इतिहास कारागिरांचा आहे, घरच्या पेटीचा नाही.

घरच्या पेटीत पहिला मोठा बदल एकोणिसाव्या शतकात झाला. लँकेशायरचे कापड आले. ते दिसायला गुळगुळीत आणि वजनाला भारी असे. त्या भारात चिनी मातीची खळ किती आणि सूत किती, हे धुतल्यावर कळे. खळ निघून गेली की, हाती जाळी राही. असे कापड जुनेर होण्याच्या आधीच संपत असे. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली गिरणी स्थापिली, ती १८५६ मध्ये सुरू झाली, आणि देशी गिरण्यांचे मांजरपाट, लाँगक्लॉथ, पॉपलिन हळूहळू घराघरांत शिरले. त्याच १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनविला. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. आलाच्या आणि मंजिष्ठेच्या लाल रंगावर ज्यांचे हात बसले होते, त्या बायकांना आता प्रत्येक लाल तुकडा आधी भिजवून पाहावा लागे.

याच कापडावरून पुढे एक नैतिक वाद उभा राहिला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईस परळ येथे विदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. चार्ल्स अँड्र्यूज यांना ती पाहवली नाही. उघड्यानागड्यांच्या देशात धडधाकट वस्त्रे जाळावीत हे त्यांना क्रूर वाटले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिले. आपल्याला ज्याची लाज वाटते ते गरिबाला देणे हा गरिबाचा अपमान होय, असा त्यांचा आशय होता. दोघांचेही म्हणणे मनाला भिडते. परंतु ज्या घरांत दर चिंधीचा हिशेब होता, तेथील स्त्रीच्या दृष्टीने हा प्रश्न निराळा असला पाहिजे. तिच्या हातातील विलायती पातळ आता पातळ राहिलेच नव्हते; ते अर्धे दुपट्यात गेलेले होते. त्यात विलायत किती उरली आणि घर किती झाले, हे कोणत्याही ठरावाने ठरण्यासारखे नव्हते. पुढे १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले, स्टँडर्ड क्लॉथ निघाले, आणि बंगालमध्ये अन्नाच्या दुष्काळामागोमाग कापडाचाही दुष्काळ आला. अशा वेळी जुनेर अंगावरून उतरतच नाही. गोधड्याच उसवून नेसण्याची पाळी येते.

तरीही विलायती असो की देशी, हातमागाचे असो की गिरणीचे, हे सारे कापड सुती होते, आणि सुती कापड म्हातारे होऊ शकते. खरा खंड पडला तो त्यानंतर. विनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडमध्ये टेरिलिनचा शोध लावला. १९६० नंतर ते भारतात आले आणि सत्तरीपर्यंत टेरिकॉटचा सदरा ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या स्वस्त, रंगीत, न चुरगळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या. धुण्याचे कष्ट ज्या स्त्रीच्या वाट्याला होते, तिने त्या आनंदाने घेतल्या आणि तिला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यातच १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले आणि त्यांतील कृत्रिम धाग्याचा वाटा वाढत राहिला.

गोधडीला हे कापड मानवले नाही. साधारण हवेत सुताचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून त्याच्या गोधडीत घाम जिरत नाही, अंग चिकट होते. त्यावर सुती थर टिकत नाही, निसटतो, आणि टाक्यांना ओढ बसते. चुलीतली ठिणगी उडाली तर सुती कापडाला भोक पडते. हे कापड वितळून कातडीला चिकटते. पण सर्वांत मोठी गोष्ट ही की, ते मऊ होत नाही. दहा वर्षे धुतले तरी ते जसेच्या तसे, आणि एक दिवस फाटले म्हणजे फाटले. नव्या आणि फाटक्या यांच्यामधील जी अवस्था, जिला जुनेर म्हणत, ती या कापडाला नाहीच. त्या अवस्थेबरोबर ती ओळखणारी बोटेही बेकार झाली. लुगडे नऊ वारांवरून सहावर आले, चार तुकड्यांचा हिशेब मोडला, आणि सोलापूरची चादर आधीच घरोघर पोचलेली होती.

बोहारीणही बदलली. तिच्याकडचे कपडे दिल्लीसारख्या शहरांतील जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात. पानिपतला तर परदेशांतून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. यंत्रे ते फाडून पुन्हा सूत कातितात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. पूर किंवा भूकंप झाला की, अशीच ब्लँकेटे वाटली जातात. चिंध्यांची ऊब तीच. मात्र कोणते कापड कोणाचे, हे तेथे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

अलीकडे शहरांत गोधडी पुन्हा दिसू लागली आहे. कोणी नवे छापील कापड रंग जुळवून विकत घेतात व यंत्रावर शिवून घेतात, कोणी वारलेल्या आजीच्या साड्या शिवणाऱ्या बाईंकडे नेऊन देतात. या दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे शिवणारणीला पुष्कळदा अवघड सांगावे लागते, की दहा साड्यांतल्या सातांची गोधडी होणार नाही. मग पॉलिएस्टरच्या साड्या वरच्या थरावर केवळ दिसण्यापुरत्या बसतात आणि आत नवे मऊ मलमल विकत आणून घातले जाते. आठवण वर, ऊब आत, अशी तडजोड होते.

खेड्यातली जुनी वाकळ अशी एकदम शिवून होत नसे. वरचे कापड विरले की, ती टाकून न देता तिच्यावर नवे जुनेर पसरून पुन्हा टाके घालीत. आधीची वाकळ आतला थर बनून राही. अशी एखादी वाकळ आज उसवली तर वर सुरतेची साडी निघते, तिच्याखाली गिरणीचे पॉपलिन, त्याखाली धोतराचा मळकट पांढरा पन्हा, आणि अगदी आत हातमागाच्या लुगड्याचा एखादा तुकडा. ऊन तिथवर कधी पोचलेले नसते. वरच्या सर्व थरांचे रंग उडालेले असतात. त्या तुकड्याचा लाल काठ तेवढा जसाच्या तसा असतो.